घासून काढलेला नंबर

"बाई, अभिनंदन," सभागृहाच्या दारातला पहारेकरी म्हणाला. "तुमच्या रायफलीला पहिलं बक्षीस."

बाई पायरीवरच थांबल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. एका हातात काठी होती, दुसऱ्या हाताने धाकट्या भावाचा दंड धरला होता. पण थांबायचं कारण गुडघा नव्हतं.

"कुठलं बक्षीस?"

"ते मोठं. सगळ्यात मूळ अवस्थेतल्या रायफलीचं. ढालच आहे, तुमच्या टेबलावर ठेवलीय."

"तुमचं काहीतरी चुकतंय. आमच्या रायफलीला ते मिळूच शकत नाही."

पहारेकरी हसला. बाई लाजल्या असं त्याला वाटलं. बाईंनी शाळेत पिढ्यान्पिढ्या मुलांना भूगोल शिकवला होता आणि त्या सगळ्या काळात त्यांना लाजताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी भावाचा दंड जरा जोरात दाबला.

"छोटू, काय भानगड आहे ही?"

छोटूची साठी उलटली होती, डोक्यावरचे केस मोजण्याइतकेच उरले होते, पण मोठ्या बहिणीच्या तोंडी तो छोटूच होता. "मला काय माहीत, ताई," तो म्हणाला. "तू दवाखान्यात होतीस. डॉक्टर म्हणाले, प्रदर्शनाआधी रायफलीला जरा तेलपाणी करून देतो. मी दिली."

"कुठले डॉक्टर?"

"आपले दातवाले."

उरलेल्या पायऱ्या बाई काठीचा आधार न घेता चढल्या. छोटूला त्यांच्या मागे घाई करावी लागली.

बक्षीस का मिळू शकत नव्हतं, हे समजायला या छंदातली एक गोष्ट आधी कळायला हवी. ती अवघड नाही. सैन्याची जुनी रायफल घ्या. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या नळीवर, लाकडी दस्त्यावर आणि बोल्टवर एकच नंबर ठोकलेला असतो. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा. काडतूस आत ढकलायचं आणि मागून दार घट्ट लावून घ्यायचं, हे त्याचं काम. बोल्ट काढून घेतला की उरते ती नुसती महागडी काठी. जुन्या रायफली जमवणाऱ्या मंडळींना या नंबरांचं भारी वेड. सगळे नंबर जुळले तर ते रायफलीकडे होणाऱ्या जावयाकडे बघावं तसं कौतुकाने बघतात. एखादा जुळला नाही तर नाक मुरडून पुढच्या टेबलाकडे सरकतात.

बाईंच्या घरी तशा चार-पाच रायफली होत्या, पण जीव होता तो एकीवर. ती त्यांच्या वडिलांची. तिच्या नळीवर नंबर होता ७३१४, दस्त्यावरही ७३१४. बोल्टवर मात्र ५९६२.

वडील ज्या फौजेत होते ती हरली होती. शरण आलेल्या शिपायांना एका माळावर रांगेने उभं केलं आणि हुकूम सुटला: बोल्ट काढा. रायफली या ढिगात, बोल्ट त्या ढिगात. कुणाच्या मनात पुन्हा लढायचं आलंच तर हातात काही लागू नये, एवढाच त्यामागचा हिशोब. वडिलांनी स्वतःचा बोल्ट काढला, ढिगावर टाकला आणि हात वर करून पुढे चालू लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारला त्या गोदामातली अडगळ नको झाली. नळ्यांमध्ये लोखंडी खुंट्या ठोकून रायफली कायमच्या मुक्या केल्या गेल्या आणि जाहीर झालं की ज्या जुन्या शिपायाला आपल्या रायफलीचा नंबर आठवत असेल त्याने यावं आणि घेऊन जावी. वडील पहिल्या गाडीने गेले. "लग्नाची तारीख दर वर्षी मला विचारावी लागते," आई म्हणायची, "पण हा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगतील." रायफल मिळाली. बोल्ट मात्र गोदामवाल्याने पेटीत हात घालून जो लागला तो दिला. इतक्या बोल्टांमधून नंबर शोधत बसायला तो काही रिकामा नव्हता.

वडिलांनी घरी येऊन तो बोल्ट पुसला, नंबर वाचला आणि म्हणाले, "हा कुणाचा तरी आहे. माझ्याच रांगेत उभा असणार तो. घरी पोचला का बिचारा, तेवढं कळायला पाहिजे."

ते त्यांना कधी कळलं नाही. वडील गेल्यावर बाईंनी ते काम आपल्याकडे घेतलं. दर वर्षी गावातल्या रायफल क्लबाचं प्रदर्शन भरे, तेव्हा बाई ती रायफल मांडायच्या आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा ठेवायच्या: या बोल्टचा नंबर ५९६२. हा ज्याचा असेल त्याच्या घरच्यांनी जरूर भेटावं. लोक वाचायचे, च्-च् करायचे आणि पुढे जायचे. बक्षिसाचा तर प्रश्नच नव्हता. बाईंना ते हवंही नव्हतं.

आणि यंदा फोन आला. बाई दवाखान्यात पाय उंच करून पडल्या होत्या तेव्हाच. फोनवरची बाई दुसऱ्या गावातली, पेशाने नर्स. कुणीतरी गेल्या प्रदर्शनात काढलेला त्या पुठ्ठ्याचा फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता.

"माझ्या वडिलांच्या रायफलीचा नंबर ५९६२ आहे," ती म्हणाली. "बोल्ट नाहीच तिला. ते गोदामात पोचले तोवर पेटी रिकामी झाली होती."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते घरी पोचले?"

"पोचले की. नाहीतर मी कुठून आले असते?" नर्स हसली. "अजून आहेत. दृष्टी गेलीय त्यांची. खुर्ची खिडकीशी लागते आणि रायफल मांडीवर. नळीवरच्या नंबरावरून बोट फिरवत बसतात. फोटोतलं वाचून दाखवलं तेव्हापासून रोज विचारतात, बोल्ट कधी येणार."

"प्रदर्शनाच्या दिवशी या," बाई म्हणाल्या. "रायफल घेऊन या. बोल्ट मी स्वतः तुमच्या हातात ठेवते. शब्द आहे माझा."

तो दिवस आज होता.

सभागृहात हिरवी कापडं अंथरलेली टेबलं ओळीने मांडली होती आणि तेलाचा, जुन्या लाकडाचा वास भरून राहिला होता. बाईंचं टेबल मधोमध होतं. त्यावर ढाल होती, लाल फीत होती, रायफल होती. पुठ्ठा नव्हता.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि वाकून पाहिलं. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, जिथे ५९६२ असायचं, तिथे लिहिलं होतं ७३१४.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. ७३१४. नळीवरचा तीनचा आकडा माथ्याला सपाट होता, कारखान्यात ठोकत तसा. बोल्टवरचा तीन गोल गरगरीत होता, पोट सुटल्यासारखा. आकड्यांच्या कडा ताज्या होत्या. भोवती काळं औषध फासून जुनेपणा आणला होता.

"कसं वाटलं?" मागून आवाज आला.

दातांचे डॉक्टर हात मागे बांधून उभे होते. क्लबाचे अध्यक्ष म्हणून कोटाला बिल्ला लावला होता. चेहऱ्यावर अशी काही खुशी होती की जणू बाईंच्या घरी पाळणाच हलला.

"हे कुणी केलं?"

"ओळखा पाहू." डॉक्टर पुढे वाकून कुजबुजले, "आपल्याच दवाखान्यात, बाई. दाढ कोरायच्या मशीनवर. जुना आकडा घासून सपाट केला आणि नवा कोरला. दोन रविवार घातले मी. परीक्षकांनी भिंग लावून पाहिलं, त्यांनाही कळलं नाही. तुमच्या रायफलीला फुकटात कवळी बसवून दिली म्हणा ना."

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. "माझा पुठ्ठा कुठाय?"

"तो काढला. नंबर जुळल्यावर त्याची काय गरज? आणि खरं सांगू, प्रदर्शनात ते रडगाणं बरं नाही दिसत. दर वर्षी शेजारच्या गावचा क्लब ढाल उचलून नेतो आणि आपण टाळ्या वाजवतो. का? तर आपल्याकडच्या सगळ्यात सुंदर रायफलीला चुकीचा बोल्ट. म्हटलं, बाईंनी आपल्याला शिकवलं, त्यांच्यासाठी एवढं करायला नको?"

"चुकीचा नव्हता तो."

"नंबर वेगळा होता, बाई."

"वेगळा होता. चुकीचा नव्हता." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून पाहू लागली. "लढाई हरलेल्या माणसाच्या रायफलीला दुसऱ्याचाच बोल्ट असतो. का असतो, ते त्या आकड्यावरून कळायचं. एवढा एकच पुरावा होता त्या माळावरचा. तो तू दात कोरावा तसा कोरून काढलास."

बाई एकदम 'तू'वर आल्या म्हणून डॉक्टर दचकले. शाळेत ते बाईंच्याच वर्गात होते, पण कोट आणि बिल्ला घालायला लागल्यापासून बाई त्यांना चारचौघांत 'डॉक्टर'च म्हणत आल्या होत्या.

"बाई, राग आवरा. लोक बघतायत."

"बघू देत. प्रदर्शनच आहे हे." त्या छोटूकडे वळल्या. "आणि तुला दिसलं नाही? रायफल परत आणताना?"

"मला त्यातलं काय कळतं, ताई."

"आकडे वाचता येतात ना? जन्मभर बँकेत काय करत होतास?"

छोटूने मान खाली घातली. खरं म्हणजे त्याने बोल्ट पाहिला होता. आकडे सारखे दिसले तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं, की चला, ताईच्या मागचं एक टुमणं सुटलं. आता ते बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात दारातून एक चाळिशीची बाई आत आली. खांद्याला जाड कापडात गुंडाळलेलं लांबट ओझं होतं आणि प्रवासाने साडीच्या निऱ्या विस्कटल्या होत्या. तिने इकडेतिकडे पाहिलं, काठी दिसली आणि सरळ चालत आली.

"बाई ना तुम्ही? मी फोन केला होता."

बाईंनी मान हलवली.

नर्सने टेबलाच्या कडेला ओझं ठेवलं आणि कापड सोडलं. रायफल तशीच होती, बाईंच्या रायफलीची जुळी बहीण शोभावी अशी. फक्त बोल्टच्या जागी लांबट भोक होतं आणि त्यातून पलीकडचं हिरवं कापड दिसत होतं. नळीवरचा ५९६२ बोटांनी चोळून चोळून चकचकीत झाला होता.

"निघताना बाबा म्हणाले, आधी बोट फिरवून खात्री कर," नर्स म्हणाली. "म्हटलं, बाबा, मला डोळे आहेत." ती हसत हसत वाकली, बाईंच्या रायफलीचा बोल्ट पाहिला आणि तिचं हसू तसंच अर्धवट राहिलं. तिने पुन्हा पाहिलं. मग ढालीकडे पाहिलं. "सगळ्यात मूळ अवस्थेतली रायफल," तिने वाचलं. "हिचे तर सगळे नंबर जुळतायत."

"ऐकून घ्या," बाई म्हणाल्या.

"फोटोत ५९६२ लिहिलं होतं."

"तोच आहे हा. यांनी नंबर घासला."

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. दवाखान्यात रोज नातेवाइकांच्या थापा ऐकणाऱ्या माणसाचे डोळे होते ते. "मी रात्रपाळी करून आलेय," ती शांतपणे म्हणाली. "गाडी बदलत आलेय. तुम्हाला बोल्ट द्यायचा नसेल तर फोनवर सांगायचं होतं. बक्षीस मिळालं, मन बदललं. मी समजू शकते."

"मन बदललेलं नाही. हा घ्या." बाईंनी रायफल उचलली, कळ दाबली, बोल्ट मागे ओढून बाहेर काढला आणि तिच्या पुढे धरला.

नर्सने तो घेतला नाही. "हा बाबांचा आहे हे कशावरून? तुम्ही म्हणताय म्हणून? यावर तर तुमचाच नंबर आहे."

बाईंची चीड पायांपासून वर चढत गेली. वडिलांनी तो बोल्ट जन्मभर दुसऱ्याची ठेव म्हणून जपला. पुढे बाईंनी जपला. आणि ज्याचा होता त्याची लेक दारात आली त्याच दिवशी, एका ढालीपायी, त्या खोट्या ठरल्या होत्या. आपल्याच टेबलापाशी.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "अहो, एवढा मोठा प्रश्न नाहीय हा. मला आधी कुणी सांगितलं असतं तर... असो. बाई, द्या इकडे. जुना नंबर पुन्हा कोरून देतो. ५९६२, बरोबर? संध्याकाळपर्यंत तयार. यांच्या वडिलांना तर दिसतही नाही म्हणता. त्यांना कुठे कळणार आहे?"

छोटूने हळूच एक पाऊल मागे घेतलं.

"काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, त्यांना बोटाला लागण्याशी मतलब ना. मी हुबेहूब..."

"अजून कळलं नाही तुला." बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "एकदा खोटं कोरलंस ते ढालीसाठी. आता दुसरं कोरणार ते दयेपोटी. आंधळ्या माणसाच्या बोटाखाली तुझा आकडा सरकवणार आणि तो बिचारा समजणार की माळावर टाकलेला आपला बोल्ट परत आला. त्याला कळणार नाही, हे तुझं समर्थन. मी तुला नकाशा काढायला शिकवला होता. नदी सोयीची नाही म्हणून दुसरीकडून वाहती काढायला नव्हतं शिकवलं."

"बाई, तुम्ही राईचा पर्वत करताय."

"मलाही तो आकडा नको," नर्स मध्येच म्हणाली. ती डॉक्टरांकडे पाहत नव्हती. "आज बरे दिसताय, असं मी बाबांना रोज सांगते. तेवढी एक थाप पुरे आहे मला."

ती कापड गुंडाळायला लागली. तिचे हात सवयीचे होते, बँडेज बांधावं तसे. बाई त्या हातांकडे पाहत होत्या आणि हातातल्या बोल्टचं वजन त्यांना एकाएकी जाणवलं. रागाच्या भरात त्यांनी त्याच्याकडे फक्त वरून पाहिलं होतं. बोल्ट आतून पोकळ असतो.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आतूनही साफ केलास?"

"आतून?" डॉक्टर गोंधळले. "नाही. आतलं कोण बघतं? परीक्षक उघडत नाहीत कधी."

"थांबा जरा," बाई नर्सला म्हणाल्या. "दोन मिनिटं. मग खुशाल जा."

बोल्टच्या पोटात एक लांब पिन असते. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोरावर तीच काडतुसाच्या बुडावर आदळते. कारखान्यात त्या पिनवरही नंबर ठोकत, पण पूर्ण नंबराला जागा नसे म्हणून शेवटचे दोनच आकडे. हे बाईंना वडिलांनी सांगितलं होतं. दाखवलं मात्र नव्हतं. दुसऱ्याची वस्तू आपण उघडायची नाही, असं म्हणून त्यांनी हा बोल्ट कधी उघडला नव्हता, आणि बाईंनीही नव्हता. दुरुस्तीला गेलेल्या रायफलींच्या पिना बदलतही असत. आत कुणाचा आकडा निघेल, किंवा निघेलच का, हे कुणाला माहीत. पण आता वरून पुसल्यावर आत बघण्यावाचून इलाज नव्हता.

घरच्या दुसऱ्या बोल्टांवर त्यांचा हात बसला होता. त्यांनी मागची टोपी पिळायला घेतली. ती सरकली आणि अडली. इतक्या वर्षांचं वंगण आत घट्ट बसलं होतं. बाईंची बोटं घसरली, पुन्हा घसरली.

"द्या," नर्स म्हणाली. तिने पदर खोचला, टोपी मुठीत धरली आणि औषधाच्या बाटलीचं हट्टी झाकण फिरवावं तशी फिरवली. कुरकुर झाली आणि टोपी सुटली. आतली पिन स्प्रिंगसकट बाहेर आली, काळ्या चिकट तेलात माखलेली.

"आता टोक टेबलाच्या लाकडावर टेकवा. स्प्रिंग खाली दाबून धरा. जोर लावा, ती लाथ मारते."

"पेशंटही मारतात," नर्स म्हणाली आणि दाबून धरलं.

बाईंनी मागचा तुकडा अर्धा फिरवून मोकळा केला. स्प्रिंग निघाली. उरलेली पिन त्यांनी रुमालात घेतली आणि पुसायला लागल्या. तोवर टेबलाभोवती गर्दी जमली होती. परीक्षकही आले होते, भिंग हातात घेऊन. आधी नुसतं काळं निघालं, मग तांबूस, मग लोखंड. टोकापासून जरा वर दोन आकडे होते, बारीक, कारखान्यात ठोकलेले.

बाईंनी ते वाचले नाहीत. पिन नर्सच्या तळहातावर ठेवली.

नर्सने ती उजेडात धरली नाही. डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला.

"सहा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दोन."

परीक्षकांनी भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली. "बासष्ट. मूळचेच आहेत." मग त्यांनी बोल्टवरचा ७३१४ पुन्हा पाहिला, या वेळी नीट, आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे मला आधी दिसायला हवं होतं."

"तुम्हाला दिसू नये म्हणून दोन रविवार घातले गेलेत," बाई म्हणाल्या. त्यांनी ढाल उचलली, तिची लाल फीत नीट केली आणि परीक्षकांच्या हातात दिली. "ही रायफल बक्षिसाला उभी केली तीच खोटी करून. नाव काढून टाका. आणि का काढलं तेही सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला रविवार घालवावेसे वाटणार नाहीत."

"क्लबाची बेअब्रू होईल," डॉक्टर पुटपुटले.

"होऊ दे. ती तू आधीच केलीस, मी फक्त आवाज दिला."

बोल्ट पुन्हा जोडायला नर्सला बाईंनी शिकवलं. चुकलं तिथे हात धरून दाखवलं, पण स्वतः जोडून दिला नाही. "वडिलांना उघडून द्यावा लागेल तुम्हाला. वरचा आकडा त्यांना मुद्दाम दाखवा. लपवू नका. काय झालं ते सगळं सांगा, माझ्या वडिलांचं नावही सांगा. आणि म्हणावं, ते विचारत होते."

"काय विचारत होते?"

"घरी पोचला का ते."

नर्सने बोल्ट रुमालात बांधला. तिने बाईंना नमस्कार केला नाही, मिठीही मारली नाही. बाईंची काठी टेबलावरून घसरायला आली होती, ती उचलून त्यांच्या हातात दिली. "मघाशी जे बोलले," ती म्हणाली, "ते मनात ठेवू नका."

"तुमच्या जागी मीही तेच बोलले असते. जास्तच बोलले असते."

"ताई जास्तच बोलली असती," छोटूने दुजोरा दिला. पहिल्यांदाच कुणी त्याच्याकडे रागाने पाहिलं नाही. नर्सचं ओझं खांद्यावर घेऊन तो तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला.

बाईंनी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसल्या. राग गेला नव्हता. उलट आता धावपळ थांबल्यावर तो अधिक स्वच्छ दिसू लागला होता, पाणी स्थिर झाल्यावर तळ दिसावा तसा. घासलेलं लोखंड परत उगवत नाही. पन्नास वर्षं जपलेल्या चार आकड्यांपैकी दोनच आता खरे म्हणून दाखवता येणार होते, आणि तेही पोटातले. आणि ज्याने हे केलं तो माणूस तीन टेबलं पलीकडे जाऊन कुणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला होता.

"डॉक्टर," बाईंनी हाक मारली. "इकडे ये."

ते आले. येताना इकडेतिकडे पाहत आले.

"इथे थांब. टेबलाशेजारी."

"कशाला?"

"माझा पुठ्ठा तू काढलास. आता पुठ्ठ्याचं काम तू कर. रायफलीला बोल्ट नाही, लोक विचारणारच. उत्तर द्यायचं."

"बाई, मी अध्यक्ष आहे. मला सगळीकडे बघावं लागतं."

"मग अध्यक्षांनी उत्तर दिलं तर अधिकच छान."

डॉक्टर हसायला गेले, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू विरून गेलं. ते उभे राहिले. टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन टेबलाशी आले. त्यांनी रायफलीतल्या रिकाम्या भोकात डोकावून पाहिलं.

"हिचा बोल्ट कुठाय?"

बाईंनी डॉक्टरांकडे बोट केलं.

"तो... मूळ मालकाकडे परत गेला," डॉक्टर म्हणाले.

"हे अर्धंच झालं," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. "जाण्याआधी त्याच्यावरचा नंबर घासला गेला होता."

"आपोआप घासला गेला?" बाईंनी विचारलं.

गृहस्थ आणि त्यांची बायको आता डॉक्टरांकडेच पाहत होते. त्यांच्या मागे आणखी काहीजण येऊन उभे राहिले.

"मी घासला," डॉक्टर म्हणाले. "आणि दुसराच नंबर कोरला."

"अगंबाई," म्हातारी म्हणाली. "का हो?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. शाळेत उत्तर येत नसलं की असंच पाहायचे. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हातारी वाट पाहत उभी होती.